काका, त्या आईनं तिला पाहिलं होतं

काका,

तुमच्या तेरवीच्या दिवशी मंगलाताईनं मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. मुद्दाम नाही. परीक्षेत एखादा प्रश्न येत असूनही आपण कोरा सोडतो आणि पेपर देऊन बाहेर आल्यावर सगळं आठवतं, तसं झालं. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ओ बीए, लांबण लावू नको, घाट संपायच्या आत सांग." पण आता तशी घाई राहिलेली नाही.

देऊळघाटला तुमच्या अंगणात जेवणं आटोपली होती. टाक्यापाशी बाया भांडी घासत होत्या आणि मी ताटं विसळायला बसले होते. मंगलाताई येऊन माझ्या शेजारी उकिडवी बसली. तुमच्या या लेकीला मी त्याआधी फक्त दोनदा पाहिलं होतं, तेही लांबून.

"तूच ना ते बीए? बाबाच्या गाडीतली?"

"हो ताई."

"बाबा तुयाशी लय बोलत म्हणे."

"पुस्तकांवर बोलायचो आम्ही."

तिनं एक ताट उचललं, विसळलं, उपडं ठेवलं. मग खालच्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं म्हणाली, "सोळा वर्षांखाली मी सासरहून निघून आली होती. एक पिशवी घेऊन. बाबानं दुसऱ्या दिवशी मले आपल्याच गाडीत बसवलं अन् जळगाव जामोदले परत नेऊन घातलं. तवापासून आमच्यात त्या दिवसाचं बोलणं नाही. तुले कधी काही म्हणाले का ते? त्या दिवसाबद्दल?"

"नाही ताई."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," ती म्हणाली. "मले वाटलं, घरात नाही बोलले त बाहेर कुठं तरी बोलले असतीन."

आणि ती उठून गेली. संध्याकाळच्या गाडीला तिला निघायचं होतं.

काकूंनी मला बाकीचं नंतर सांगितलं. परत नेऊन घातल्यावर ताईनं त्या घरात चार वर्षं काढली. मग मुलाला घेऊन ती स्वतःच बाहेर पडली. त्या वेळी देऊळघाटला आली नाही. जळगाव जामोदमध्येच खोली केली, शिलाई मशीन घेतलं. कंडक्टर म्हणून तुमची मुक्कामी गाडी तिथं असली की सकाळी तुम्ही तिच्याकडे चहाला जायचे, नातवाच्या वह्या पाहायचे आणि निघायचे. निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. बारा वर्षं असा चहा प्यायला तुम्ही दोघांनी. तिला तुमची माफी नको असावी, असं मला वाटतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं आहे की तो दिवस तुमच्या मनाला लागून राहिला होता की नाही. ते सांगू शकणारे तुम्ही गेलात. आणि ज्या पोरीला ते ठाऊक असायला हवं होतं, ती म्हणाली, "काहीच नाही."

मोताळ्याला उतरून घरी चालत येताना मला ती गोष्ट आठवली. काका, तुम्ही बोलला होतात. दोन वर्षं बोलत होता. मीच तुमच्याशी वाद घालत होते.

पहिल्यापासून सांगते. ताईला सांगायच्या आधी मला ते नीट लावून पाहायचं आहे.

मी तुमच्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा अठराची होते. आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. माझे वडील, बापू, भाजीवाले. वांगी, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बाजारोबाजार फिरायचे. बुलडाण्याला कॉलेजात जायचं म्हणजे रोज फाट्यावर उभं राहून जळगाव जामोदहून येणारी तुमची सकाळची गाडी धरायची आणि घाट चढून वर जायचं. बापूंना ते मान्य नव्हतं. पहिल्या दिवशी ते स्वतः फाट्यावर आले होते, मला गाडीत बसवायला नाही, तर गाडी भरलेली असेल आणि मी परत येईन या आशेनं. गाडी भरलेलीच होती. तुम्ही दारात उभे राहून बापूंकडे पाहिलं आणि म्हणालात, "काय भाऊ, पोरीले पाठवता की नाही? माया गाडीत पाय ठेवला की ते माही पोरगी. संध्याकाळी इथंच उतरवून देईन." बापूंना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. तुम्ही डबल घंटी दिली.

त्यानंतर तीन वर्षांत तुम्ही मला फाट्यावर सोडून गेलात असं एकदाही झालं नाही. मला उशीर झाला की ड्रायव्हर गफूरभाई हॉर्न वाजवायचे आणि तुम्ही पायरीवर उभे राहून शेताकडे पाहत असायचे. मी धावत यायचे. "सावकाश," तुम्ही म्हणायचे, "गाडी सरकारची हाय, पाय तुये हायत." तेव्हा मला ते साधं वाटायचं. आता ते सगळं वेगळं दिसतं, आणि कसं दिसतं ते नीट लिहिता येत नाही.

गाडीत सगळे तुम्हाला मास्तर म्हणायचे, आणि तुमचा एक नियम होता. पासवाल्या मुलामुलींपाशी येऊन तुम्ही तिकिटांचं मशीन काखेत धरायचे आणि म्हणायचे, "तुमचं तिकीट नाही, मग मी कायले फिरून राह्यलो? काल काय वाचलं ते सांगा." मुलं काहीबाही सांगायची. मी पहिल्या दिवशी गप्प बसले. घरात पुस्तक नव्हतं. तुम्ही म्हणालात, "काहीच नाही वाचलं? डब्यात पोळी कायच्यात बांधली?" पेपरात बांधली होती. त्या तुकड्यावर एका हरवलेल्या म्हशीची जाहिरात होती, ती मी तुम्हाला सांगितली. शिंग मोडलेली, कपाळावर पांढरा ठिपका.

"सापडली का मग?"

"माहीत नाही. पेपर तिथंच फाटलेला होता."

"उद्या बाकीचा पेपर घेऊन ये," तुम्ही म्हणालात. अख्खी गाडी हसली. मी दुसऱ्या दिवशी खरोखरच तो पेपर शोधून आणला, आणि त्यात म्हशीचं पुढं काही नव्हतं. तुम्हाला त्याची इतकी रुखरुख लागली की आठवडाभर तुम्ही मोताळ्याहून चढणाऱ्या दूधवाल्यांना त्या म्हशीबद्दल विचारत होता. मला वाचनाची गोडी तिथून लागली, काका. कॉलेजात नंतर शिकवलं ते वेगळं. पण एखादी गोष्ट आपल्याला सोडत नाही म्हणजे काय, ते मी तुमच्याकडे पाहून शिकले.

पुस्तकं तुमच्याकडे कुठून यायची हेही मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. गाडीत लोक वस्तू विसरतात. छत्र्या, डबे, चपला. तुम्ही त्या रोज आगारात जमा करायचे. महिने लोटले तरी कुणी न आलेली मासिकं आणि दिवाळी अंक तिथला बाबू शेवटी तुमच्या हाती द्यायचा. तुम्ही त्यांना जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालायचे. कुणी तरी अर्धवट वाचून सीटवर ठेवलेली, पान दुमडलेली पुस्तकं. तुम्ही म्हणायचे, "जिथं पान दुमडलं हाय तिथं तो माणूस उतरला."

तो दिवाळी अंक असाच आलेला. पुढची पानं गेलेली होती, त्यामुळे त्या गोष्टीचं नाव कळत नव्हतं आणि लिहिणाऱ्याचंही. मी दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही अंक माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणालात, "हे वाच. अन् मले सांग, ते बाई जिती होती का मेलेली."

ती गोष्ट मला आजही तोंडपाठ आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला एक भाऊ बहिणीला सासरहून आणायला जातो. सासरा ओट्यावर बसलेला असतो. तो मान वर न करता एवढंच म्हणतो, "घेऊन जा." बहीण पिशवी घेऊन येते. भाऊ एसटीच्या खिडकीतून रुमाल आणि टोपी टाकून दोन जागा धरतो. बहीण खिडकीशी बसते. भाऊ तिला दोन केळी घेऊन देतो, ती हातात धरून ठेवते, खात नाही. वाटेत कडेवर लेकरू घेतलेली एक बाई चढते आणि भावाला विचारते, "इथं कुणी आहे का?" भाऊ म्हणतो, "बहीण आहे." ती बाई उभी राहते. दिवस मावळता दोघं घरी पोचतात. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात येते. मुलावरून तुकडा ओवाळते, लांब टाकते, त्याच्या डोळ्यांना पाणी लावते. मग विचारते, "एकटाच आलास?" भाऊ मागं वळून पाहतो. बहीण अंगणात पिशवी घेऊन उभी असते. आई म्हणते, "ये आत." दार लागतं. अंगणात दोन केळी पडलेली असतात.

एवढीच गोष्ट. मी ती गाडीतच वाचली आणि मान वर करून म्हटलं, "मेलेली होती. सासरी मारलं असेल तिला. भावाला फक्त भास होत होता."

"काऊन?"

"ती खात नाही. तिच्याशी कुणीच बोलत नाही. आईनं तिच्यावरून तुकडा ओवाळला नाही. आईला ती दिसतच नाही ना काका."

तुम्ही मान हलवली. "मी सव्वीस वर्षं झाले माणसं मोजून राह्यलो. मेलेल्या माणसासाठी कोणी टोपी टाकून जागा धरत नाही. अन् ते लेकरूवाली बाई? मोकळ्या जागेपाशी लेकरू घेऊन उभी राहणारी बाई मी आजवर पाह्यली नाही. जागा मोकळी असती त ते विचारत बसली असती का? आधी टेकली असती, मग विचारलं असतं. बाई उभी राह्यली म्हणजे जागा भरलेली होती."

"मग आई 'एकटाच आलास' असं का म्हणते?"

"पाह्यलं म्हणून म्हणते."

मला ते पटलं नाही. तुम्हाला माझं पटलं नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी तो वाद निघायचा. तुम्ही तिकिटं फाडून माझ्यापाशी यायचे आणि मध्येच म्हणायचे, "अन् सासरा 'घेऊन जा' म्हणते. कोणाले घेऊन जा म्हणते तो? भुताले?" मी म्हणायचे, "अस्थी असतील काका त्या पिशवीत." हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. गफूरभाई समोरच्या आरशातून ओरडायचे, "अरे शालिग्राम, ती बाई जिती असो का मेलेली, तू आपले उतारू मोज. मोताळ्याले दोन जास्त चढले." आणि तुम्ही मोजायला जायचे.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एका कथेचं रसग्रहण लिहायचं होतं. मी तीच कथा घेतली. सात पानं लिहिली. ती स्त्री मृतच आहे हे अकरा मुद्द्यांनी सिद्ध केलं. मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं. माझ्या आयुष्यात कुणी माझं लिहिलेलं पहिल्यांदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पानं घेऊन मी तुमच्यापाशी आले. तुम्ही जागेवर बसून सगळी वाचलीत. घाट चढून झाला, बुलडाण्याचं स्टँड आलं, लोक उतरले, तरी तुम्ही वाचतच होता. मग पानं नीट जुळवून परत दिलीत.

"अक्षर चांगलं हाय," तुम्ही म्हणालात.

मला राग आला होता. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पास दाखवायला हात पुढं करायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे. तुम्हीही काही विचारलं नाहीत. तिसऱ्या दिवशी घाटात, गाडी पहिल्या गिअरवर चढत असताना, मीच बोलले. म्हटलं, "काका, माझे मुद्दे सोडा. पण आई असं करूच शकत नाही. लेक अंगणात उभी आहे हे दिसत असताना आई दार लावूच शकत नाही. म्हणून ती मेलेलीच पाहिजे."

तुम्ही वरचा दांडा धरून उभे होता. म्हणालात, "काऊन नाही लावू शकत? आई लावते." दांड्यावरचा हात बदललात. "बाप बी लावते."

आणि मी काय म्हटलं, आठवतं का तुम्हाला? मी हसले. म्हटलं, "काका, गोष्टीत बाप नाहीच आहे."

"हाव," तुम्ही म्हणालात. "नाही हाय."

त्यानंतर तुम्ही ती गोष्ट माझ्यापाशी कधी काढली नाहीत. मला वाटलं, मी वाद जिंकले.

काका, मी इतकी का अडून बसले होते, ते आज सांगते. मी रोज घरातून निघत होते ती आईच्या भरवशावर. बापू चिडायचे, चुलते टोमणे मारायचे, पण संध्याकाळी परत गेले की आई दार उघडायची. एखादी आई पाहूनसवरून दार लावते, हे मी मानलं असतं तर मला रोज संध्याकाळी फाट्यावरून घराकडे चालताना भीती वाटली असती. त्यापेक्षा ती बाई मेलेली बरी होती. मेलेली असली म्हणजे कुणाचा दोष नाही, फक्त वाईट वाटायचं. मी तिला मारून टाकलं, काका, अकरा मुद्दे देऊन. आणि तुम्ही तिला जिवंत ठेवायला पाहत होता, कारण ती जिवंत होती. जळगाव जामोदला खोली करून राहत होती, ब्लाउज शिवत होती, आणि तुम्ही त्याच सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन आला होता.

तुम्हाला माझ्याकडून काय हवं होतं? मी म्हणावं का, की आईनं चूक केली? की मी चिडावं त्या आईवर, तुमच्यासमोर, तुमच्या गाडीत? मला वाटतं तुम्हाला कुणाचा तरी राग हवा होता. मी तुम्हाला तो दिला नाही. मी तुम्हाला रसग्रहण दिलं.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही तो अंक मला देऊन टाकलात. "शाळेत वाचून दाखव पोरायले," म्हणालात. मी आता मोताळ्याच्या शाळेत मराठी शिकवते. अंक कपाटात आहे. मी तो पोरांना कधी वाचून दाखवला नाही. ती विचारतील, मॅडम, ती जिवंत होती का, आणि मला काय सांगावं ते कळणार नाही, म्हणून.

मागच्या रविवारी मी तो अंक घेऊन जळगाव जामोदला गेले. न कळवता. ताई घरीच होती. दार उघडून म्हणाली, "बीए? तू कशी काय?" पाणी दिलं. मशीनवर लग्नाचे ब्लाउज पडले होते. मी म्हटलं, "ताई, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. मला एक गोष्ट वाचून दाखवायची आहे."

"वाच ना. पन मी शिवत राहीन. उद्या द्यायचे हायत हे."

मशीनच्या आवाजात मी वाचत गेले. सासरा "घेऊन जा" म्हणाला तिथं आवाज जरा मंद झाला. "एकटाच आलास?" तिथं मशीन थांबलं.

"पुढं?"

मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या.

"अन् भाऊ?" ताईनं विचारलं. "भाऊ आत गेला का?"

मी पान पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. आई "ये आत" म्हणते, दार लागतं. भाऊ दाराच्या कुठल्या बाजूला आहे ते लिहिलेलंच नाही. "गेला असेल," मी म्हटलं. "मी तसंच धरून चालले होते."

"बाबा काय म्हणत त्याच्याबद्दल?"

"आईबद्दल खूप बोलायचे. भावाबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत."

ताई थोडंसं हसली. "बोलतीन कसे. पोचवणारा तोच ना."

मग तिनंच सांगितलं. त्या दिवशी ती माहेरी आली तेव्हा शेजारपाजारचे ओट्यावर येऊन उभे राहिले होते. काकू रडत होत्या. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत, तिलाही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला मागच्या वाटेनं बाहेर काढलंत, लोकांनी पाहू नये म्हणून. "लोकायसमोर नको, एवढंच म्हणाले," ताई म्हणाली. "गाडीत मले आपल्या जागेवर बसवलं, दारापाशी. आपण उभे. नांदुऱ्यापुढं गाडी अर्धी खाली झाली, तरी उभेच. मले वाटलं, मायाजवळ बसायची लाज वाटते यायले."

तिनं दोरा तोडला.

"तुयासाठी गाडी थांबवत म्हणे फाट्यावर."

"हो ताई."

"रोज?"

"उशीर झाला की."

"गोष्टीतल्या बाईसाठी भांडले तुयाशी. दोन वर्षं. मायासाठी एक शब्द नाही." ती हे चिडून म्हणाली नाही. आणि तिचं खरं होतं, काका. तुमची बाजू घ्यायला मी गेले नव्हते. तिच्या घरी चहा पिताना तुम्हाला बारा वर्षांत एकदाही जमलं नाही, ते जमायला हवं होतं. तुमच्यावर माझी इतकी माया आहे की हे लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.

मग मी तिला घाटातलं सांगितलं. मी काय म्हटलं ते, आणि तुम्ही काय म्हणालात ते. "आई लावते. बाप बी लावते." मी हसले होते, हेही सांगितलं.

ताईनं हातातला ब्लाउज खाली ठेवला.

"असं म्हणाले? बाप बी लावते?"

"हो. ह्याच शब्दांत."

"हळूच म्हणाले असतीन तुले. कानापाशी."

"नाही ताई. घाटात इंजिनचा आवाज किती असतो. मोठ्यानंच म्हणाले, लोकांसमोर."

"गाडीत कोण होतं?"

"गफूरभाई होते गाडी चालवत."

"ते तर घरचेच. अजून?"

मला आठवावं लागलं. "अंगणवाडीच्या सुशीलाबाई होत्या. माझ्या मागच्या सीटवर."

"मोताळ्याच्या सुशीलाबाई? त्या तर देऊळघाटच्याच माहेरच्या. त्यायले सगळं माहीत होतं." ताई मशीनवरून उठून माझ्यासमोर येऊन बसली. "त्यायनं ऐकलं?"

"ऐकलं. त्या म्हणाल्या, 'खरं हाय मास्तर.' मला तेव्हा वाटलं, त्या गोष्टीबद्दलच बोलताहेत."

"मग बाबा काय म्हणाले त्यायले?"

"काही नाही. मान खाली घातली. पण तिथंच उभे राहिले, पुढं गेले नाहीत."

ताईनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर कुणी तरी ब्लाउज मागायला आलं होतं, तिनं आतूनच सांगितलं, उद्या या म्हणून. मग पुन्हा माझ्याकडे वळली.

"अजून कोण होतं?"

तारखेवर कोर्टात निघालेले एक म्हातारे होते, दुधाचे दोन कॅनवाले होते, माझ्या वर्गातली दोन पोरं होती. मी एकेक आठवून सांगत गेले. एकही माणूस मी पदरचा घातला नाही, काका. प्रत्येकाला ती मान हलवायची, कुठल्या गावचा ते विचारायची, आणि म्हणायची, "अजून कोण होतं?"